मेल ब्लँकसारखे एका गळ्यातून अनेक आवाज: सांगलीत राहून तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार मंडळी. भाची अकरावीत आहे, एकांकिकांत काम करते आणि कार्टूनमधल्या पात्रांचे आवाज छान काढते. सध्या तिच्या डोक्यात मेल ब्लँक हा जुना अमेरिकन कार्टून-आवाजांचा कलाकार बसलाय. बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, ट्वीटी, सिल्व्हेस्टर, फ्लिंटस्टोन्समधला बार्नी, सगळे एकाच माणसाचे! तिला यातच करिअर करायचंय. अडचणी दोन. अर्धा तास सराव झाला की घसा बसतो, आणि घरचं रेकॉर्डिंग डब्यात बोलल्यासारखं घुमतं. शिवाय एक कुतूहल: इतके आवाज इतकी वर्षं वेगवेगळे कसे राहिले? जाणकारांनी नेमकं सांगावं.

रंगपीठ:
कुतूहलापासून सुरुवात करतो, कारण सगळं त्यातच आहे. आवाज काढता येणं हा निम्माच भाग. तोच आवाज पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी जसाच्या तसा काढता आला पाहिजे.

पोर्कीचं उदाहरण घ्या. ब्लँकच्या आधी पोर्कीला आवाज देणारा नट खरोखरच अडखळत बोलायचा. वाक्य कधी संपेल याचा नेम नसे, रेकॉर्डिंग लांबायचं, खर्च वाढायचा. 1937 मध्ये ते काम ब्लँककडे आलं. त्याचं अडखळणं ताब्यातलं होतं: कुठे अडकायचं, कितीदा, आणि शेवटी शब्द बदलून कशी सुटका करून घ्यायची, सगळं ठरलेलं. डॅफी आणि सिल्व्हेस्टर दोघेही 'स' म्हणताना थुंकी उडवतात, पण डॅफीचं रेकॉर्डिंग वेग वाढवून वाजवलं जाई, म्हणून तो वेगळा प्राणी वाटतो. वेग वाढला की सूर चढतो आणि शब्द एकमेकांत घुसतात, त्यामुळे बोलताना मुद्दाम सावकाश आणि स्पष्ट बोलावं लागे.

जानेवारी 1961 मध्ये त्याला मोटारीचा भीषण अपघात झाला, सुमारे दोन आठवडे तो बेशुद्ध होता. नंतर घरी, अंगभर प्लास्टर असताना, पलंगाशी माइक लावून त्याने बार्नीचे संवाद रेकॉर्ड केले. उभं राहता येत नाही, छाती पूर्ण फुलत नाही, तरी पात्र तेच. मला त्याच्या कारकिर्दीतला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो.

भाचीला एक वही करायला सांगा. प्रत्येक आवाजाला एक पान: सूर उंच की खालचा, आवाज नाकात, टाळूवर की छातीत घुमतो, जबडा किती उघडा, बोलण्याचा वेग, मान पुढे की मागे. खाली त्या पात्राचं एक ठरलेलं वाक्य, जे म्हटलं की आवाज लगेच सापडतो. सोबत दहा सेकंदांचा नमुना मोबाइलमध्ये. पंधरा दिवसांनी नमुना न ऐकता तेच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि मग दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचे. जे आवाज सरकलेत ते अजून तयार नाहीत. सुरुवातीला चारच पुरेत.

कंठसाधना:
अर्ध्या तासात घसा बसतो म्हणजे ती आवाज गळा आवळून काढतेय. कर्कश, खरखरीत पात्रांत हे हमखास होतं. ब्लँकलाही योसेमिटी सॅम या तापट कार्टून-पात्राचा आरडाओरडा घशाला सगळ्यात जड जायचा.

सरावाआधी पाच मिनिटं: पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवून 'ऊ' सुरात बुडबुडे काढायचे, खालून वर, वरून खाली. मग ओठ फुरफुरवत तेच. त्यानंतर मऊ आवाज, मग उंच, आणि किंकाळ्या, गुरगुर अगदी शेवटी. आधी ओरडलं की पुढचे सगळे आवाज फाटके येतात. दर दहा मिनिटांनी दोन मिनिटं गप्प, कुजबूजसुद्धा नको, तिनेही ताण येतो. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. ऐनवेळी ढोसलेलं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. दुखलं की तिथेच थांबायचं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, काढे करत बसू नका.

अजिंक्यतारा (सातारा):
घुमण्याचं कारण मोकळ्या भिंती आणि फरशी. महागडा माइक घेऊन ते जात नाही, उलट वाढतं, कारण कंडेन्सर माइक खोलीतलं सगळं टिपतो. साधा डायनॅमिक माइक घ्या. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करायचं, पाठीमागे दोरीवर जाड गोधडी, खाली सतरंजी. पंखा बंद, फ्रिजपासून लांब. सांगलीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या गाणी लावत जातात, तेव्हा रस्त्याकडची खोली सोडाच.

माइक तोंडापासून एक वीत, किंचित तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फटका सरळ बसत नाही. ओरडायचं वाक्य असेल तर हातभर मागे. रेकॉर्डिंगची पातळी कायम सगळ्यात मोठ्या आवाजातल्या वाक्यावर लावायची, मीटरचं टोक उणे 6 डेसिबलच्या वर जायला नको. फाटलेली किंकाळी नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये फाइलचा प्रकार वेव्ह (WAV), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली):
मनापासून आभार. वही आजच आणतो. डबिंगसाठी वेगळं काय शिकावं लागेल? आणि नमुना कसा पाठवायचा?

रंगपीठ:
डबिंगमध्ये ओठ बघायचे. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर लगेच दिसतं. पात्राचं तोंड शेवटी मिटत असेल तर 'थांब' चपखल बसतं, 'उभा राहा' म्हटलं की आवाज उघडा आणि तोंड बंद. टीव्हीवरचा एखादा प्रसंग आवाज बंद करून, तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून सराव करा. पडणं, धापा टाकणं, उडी मारणं, घास गिळणं हे बिनशब्दांचे आवाज वेगळे घोटायचे, लोक तिथेच कमी पडतात.

काम मराठीपेक्षा हिंदीत जास्त, त्यामुळे हिंदी उच्चार आत्तापासून धरा. आपल्याकडचा 'जरा'मधला 'ज' आणि 'चोर'मधला 'च' हिंदीत तसाच गेला की दिग्दर्शक तिथेच थांबवतो. 'ज्ञान'चंही तेच. सांगली-साताऱ्याचा हेल मात्र पुसू नका, गावाकडचं पात्र आलं की तोच कामाला येतो.

नमुना साठ ते नव्वद सेकंदांचा, पाच-सहा आवाज, सगळ्यात पक्का आवाज पहिला, मध्ये कुठेतरी तिचा स्वतःचा साधा आवाज. बग्ज किंवा डोरेमॉनची नक्कल घालू नका. ते आवाज देणारे आधीच आहेत, तिची स्वतःची पात्रं हवीत. मुंबईत स्टुडिओत ऐकवायला जायचं तर महालक्ष्मी एक्सप्रेसने जाता येईल, पण रात्रभर जागून थेट माइकसमोर नको, मध्ये झोप होऊ द्या. आणि करारावर सही करण्याआधी आवाजाची कृत्रिम नक्कल बनवण्याचा हक्क त्यात लिहून घेतलाय का, ते नीट वाचा. ती सज्ञान होईपर्यंत सही पालकांचीच लागेल.