डोकं गच्च आवळल्यासारखं दुखतं, कुठली गोळी सेफ?

पेपरवाली_बाई:
नमस्कार मंडळी. मी शाळेत शिकवते, पेपर तपासायचे दिवस आले की मान खाली घालून तासन्‌तास बसणं होतं आणि संध्याकाळपर्यंत डोक्याला कुणीतरी घट्ट फडकं बांधल्यासारखं वाटतं, मानेपासून कपाळापर्यंत, दोन्ही बाजूंनी. ठणकत नाही, मळमळ नाही, उजेडाचा त्रास नाही, कामं होतात पण जीव वैतागतो. डॉक्टरांनी बीपी, डोळे सगळं बघून टेन्शन हेडेक आहे म्हणून सांगितलंय. घरात डब्यात सॅरिडॉन, डोलो, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन सगळंच असतं, हाताला येईल ती घेतली जाते. हल्ली एक दिवसाआड लागायला लागलीय आणि उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळतं. यातली सगळ्यात सेफ कुठली? सासूबाईपण याच डब्यातली घेतात, त्यांना बीपी आहे.

मेडिकलवाला_कराड:
ताई, आधी पट्टी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, नावावर जाऊ नका. डोलो म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल ६५०. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि वर पॅरासिटामॉल ३२५. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल २५०, प्रॉपिफेनाझोन १५०, कॅफिन ५०. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. म्हणजे सकाळी एक, दुपारी दुसरी असं घेतलं की तेच पॅरासिटामॉल परत परत पोटात जातं आणि त्यात सर्दीची गोळी घेतली तर त्यातही बहुतेक असतंच. सरकारने २०१८ मध्ये ३२८ कॉम्बिनेशनवर (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) बंदी घातली, त्यात सॅरिडॉनही आली होती, मग सुप्रीम कोर्टातून सुटली, आज मिळते. पण मला विचाराल तर एकाच औषधाची साधी गोळी घ्यावी, काय घेतलं ते तरी कळतं. आणि ॲस्पिरिन घरातल्या लहान मुलांना अजिबात नको, ताप आला असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनाही नको.

डॉ_सातारकर:
वरच्यांचं बरोबर आहे. टेन्शन हेडेकला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही चालतात. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिग्रॅ, परत लागलीच तर निदान चार ते सहा तासांनी, आणि २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरंच कमी, डॉक्टरांना विचारूनच. आयब्युप्रोफेन २०० ते ४०० जेवणानंतर घ्यायची, पण तुम्हाला जळजळ होते म्हणताय तर तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, पॅरासिटामॉलच बरं. घ्यायची तर दुखायला लागल्यावर लगेच पुरेशा डोसमध्ये घ्या, अर्धी अर्धी करून दिवसभर चघळत बसू नका.

पण ताई, मला खरी काळजी तुमच्या ‘एक दिवसाआड’ची वाटते. साधी पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस आणि कॉम्बिनेशनवाली १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मग दुखतं म्हणून गोळी आणि गोळी म्हणून दुखणं, हे चक्र सुटत नाही. कालनिर्णयवर दुखलं त्या तारखेला एक टिंब आणि गोळी घेतली तर फुली करा, महिनाअखेरीला फुल्या मोजा. आठवड्याला दोन दिवसांच्या आत ठेवायचं बघा.

आयटीतला_पुणेकर:
डॉक्टर, माझ्या मित्राला मायग्रेनची सुमाट्रिप्टान दिलीय, ती यात चालते का? आणि मसल रिलॅक्संट?

डॉ_सातारकर:
सुमाट्रिप्टान मायग्रेनसाठी, नुसत्या टेन्शन हेडेकला तिचा उपयोग नाही, आणि दुसऱ्याची गोळी तर नकोच. मसल रिलॅक्संटचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही, झोप मात्र येते.

पेपरवाली_बाई:
बापरे, फुल्या मोजल्या तर नक्की जास्त निघतील. एकदम बंद केली तर पेपर कसे तपासायचे? सासूबाईंची पट्टी पाहिली, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ असं लिहिलंय.

डॉ_सातारकर:
बंद केल्यावर सुरुवातीला काही दिवस दुखणं वाढतं, मग उतरतं, त्यामुळे सुट्टी लागल्यावर आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलून करा. वारंवार होत असेल तर ते रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीन १० पासून सुरू करू शकतात. ती दुखलं की घ्यायची गोळी नाही, रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतात, तोंड कोरडं पडतं आणि सकाळी जरा जडपणा राहतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. पेपर टेबलावर थोडे उंच ठेवा आणि एक गठ्ठा झाला की उठून मान-खांदे हलवा, याने खरंच फरक पडतो.

सासूबाईंना मात्र कॉम्बिफ्लाम, आयब्युप्रोफेन देऊच नका. त्या बीपीच्या गोळीबरोबर किडनीवर ताण येतो आणि बीपीही वाढतं. हार्टसाठी ॲस्पिरिन ७५ चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवं येतं, तेही बघा. त्यांना दुखलं तर साधी पॅरासिटामॉल ५००. आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं असेल, किंवा कुणालाही अचानक भयंकर दुखलं, ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, डोक्याला मार लागल्यावर दुखलं, तर गोळी न शोधता थेट दवाखाना गाठा. सासूबाईंचं दुखणं कधीपासून आहे?

पेपरवाली_बाई:
त्यांचं तरुणपणापासूनच आहे, पण हल्ली वाढलंय म्हणतात. सोमवारी दोघी जाऊन दाखवतो. त्यांचा डबा आजच वेगळा केला, त्यात फक्त पॅरासिटामॉल ५०० आणि बीपीची पट्टी.