फोर्ट्रान: ऑप्शनल आर्ग्युमेंटची डिफॉल्ट किंमत घोषणेतच लिहू द्यावी का?

रेषाखंड (धागाकर्ता)
फोर्ट्रान भाषेत ऑप्शनल, म्हणजे कॉल करताना गाळता येणारं आर्ग्युमेंट, फोर्ट्रान ९० पासून आहे, पण डिफॉल्ट किंमत लिहायची सोय २०२३ च्या मानकातही नाही. आर्ग्युमेंट दिलंय का ते प्रेझेंट() ला विचारा, लोकल कॉपी करा, इफ-एल्स लावा. लोक नेमके तिथेच आपटतात. उदाहरणार्थ, टॉल हे ऑप्शनल आर्ग्युमेंट असेल तर:

रिअल :: टी = १.०ई-६
इफ (प्रेझेंट(टॉल)) टी = टॉल

दिसायला निरागस. पण घोषणेत किंमत दिली की त्या व्हेरिएबलला सेव्ह आपोआप चिकटतो, म्हणजे त्याची किंमत एका कॉलपासून पुढच्या कॉलपर्यंत टिकते. पहिल्या कॉलला ०.०१ दिलं आणि दुसऱ्याला काहीच दिलं नाही, तरी टी ०.०१ च. एरर नाही, उत्तर मात्र चुकीचं.

जुना_कंपायलर
असहमत. हा दोष सेव्हचा, ऑप्शनलचा नाही. किंमत घोषणेतून काढून वेगळ्या ओळीत द्या, संपलं. उलट तुमच्या सोयीत तेच '=' चिन्ह लोकलला एक अर्थ देणार आणि आर्ग्युमेंटला दुसरा.

शिवाय किंमत भरणार कोण? सी++ मध्ये ती कॉल करणाऱ्याच्या बाजूला भरली जाते. लायब्ररीत १.०ई-६ चं १.०ई-८ केलं, तरी पुन्हा कंपाइल न केलेला जुना कोड १.०ई-६ च पाठवत राहतो.

टिंबटिंब
सेव्ह सोडा, बाकीचे खड्डे बघा. 'इफ (प्रेझेंट(टॉल) .अँड. टॉल > ०)' हे सी वरून आलेला प्रत्येक जण लिहितो. फोर्ट्रानमध्ये डावी बाजू खोटी निघाली तरी .अँड. तिथेच थांबेल अशी हमी नाही, दोन्ही बाजू मोजायची कंपायलरला मुभा आहे. आर्ग्युमेंट गैरहजर म्हणजे आत बहुधा नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता), तो वाचला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम बंद. एका ऑप्टिमायझेशन पातळीवर चालतं, दुसऱ्यावर कोसळतं. अट पाहून दोनपैकी एक किंमत निवडणारं 'मर्ज(टॉल, १.०ई-६, प्रेझेंट(टॉल))' हीसुद्धा तीच चूक, फक्त चांगल्या कपड्यांत. एकाआत एक दोन इफ लिहिणं हाच जुना खात्रीचा मार्ग.

जुना_कंपायलर
त्याचं उत्तर २०२३ च्या मानकात आहे: टी = (प्रेझेंट(टॉल) ? टॉल : १.०ई-६). यात निवडलेली बाजूच मोजली जाते. कॉल करताना आर्ग्युमेंट गाळायचं असेल तर त्याच रचनेत .निल. लिहिता येतं. कंपायलर हे घेत नसेल तर स्टडलिब या फोर्ट्रान लायब्ररीतलं ऑप्टव्हॅल(टॉल, १.०ई-६) वापरा. गैरहजर आर्ग्युमेंट दुसऱ्याच्या ऑप्शनलला देणं कायदेशीर असल्यामुळे ते चालतं.

रेषाखंड
म्हणजे पुन्हा प्रत्येक आर्ग्युमेंटला दुसरं नाव! टॉल आणि टी शेजारी शेजारी, आणि खाली शंभराव्या ओळीत कुणीतरी चुकून टॉल वापरणार. किंमत कोण भरणार याचं म्हणाल तर मानकात एक वाक्य पुरे: डिफॉल्ट बोलावलेल्या प्रोसीजरच्या आत मोजावी. कॉल करणारा आजच्यासारखाच नल पाठवील, जुना कोड पुन्हा कंपाइल करायला नको. आणि प्रेझेंट() खोटंच राहावं.

जुना_कंपायलर
इथेच गाठ आहे. समजा 'अ' ने 'ब' ला बोलावलं, टॉल दिला नाही. 'ब' तो तसाच 'क' ला पुढे देते. आज तो 'क' मध्येही गैरहजर ठरतो आणि 'क' स्वतःची डिफॉल्ट लावते. उद्या 'ब' च्या घोषणेत १.०ई-६ आलं. 'क' ला किंमत पाठवायची की गैरहजेरी? किंमत पाठवली तर 'क' ची डिफॉल्ट कायमची झाकली जाते. गैरहजेरी पाठवली तर 'ब' एका टॉलवर चालते, 'क' दुसऱ्यावर, आणि ओळ मात्र तीच: कॉल क(टॉल).