ला इसाबेला: उकरताना आधी मातीच्या भिंती की झोपड्या?

गढीवाला
डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर कोलंबसने १४९४ च्या जानेवारीत ला इसाबेला हे गाव वसवलं, १४९८ पर्यंत ते ओस पडलं. तिथल्या मोठ्या इमारती तापियाच्या, म्हणजे फळ्यांच्या साच्यात ओलसर माती टाकायची, धुमसाने ठोकायची, त्यावर पुढचा थर, आणि शेवटी चुन्याचा गिलावा. माझ्या मते ही माती तिथला सगळ्यात मोठा पुरावा आहे, नुसतं सोनं लुटून परतायचं असतं तर एवढा खटाटोप कोण करतं? गिलावा सुटला की पावसात भिंत विरघळते, मग पडलेली माती आणि बाजूची जमीन सारखीच दिसते आणि घाईत उकरणारा भिंतच घमेल्यात भरून फेकून देतो.

अनघा_जे
अजिबात पटलं नाही. त्या भिंती कोणाच्या? कोलंबसचं घर, कोठार, असल्याच. साधी माणसं लाकूड-गवताच्या झोपड्यांत राहत होती, त्यांच्या खुणा म्हणजे जमिनीत उरलेले खांबांचे खड्डे, ते शोधायला जास्त वेळ आणि पैसा लागतो आणि तोच मिळत नाही कारण सगळे कोलंबसच्या घराभोवती गोळा होतात.

गढीवाला
पण भिंत ठोकली कोणी? त्या काळचा स्पॅनिश इतिहासकार लास कासासने लिहिलंय की कोलंबसने हिडाल्गोंनाही, म्हणजे खानदानी स्पॅनिश सरदारांनाही, अंगमेहनतीला जुंपलं, लोक आजारी, खायची मारामार, त्यावरून ते त्याच्यावर जाम चिडले. म्हणजे थरांत त्यांचाही घाम आहे ना?

रानवाटा
तुम्ही दोघं क्रम ठरवताय पण समुद्र थांबणारे का? कोलंबसच्या घराचा काही भाग किनारा ढासळून आधीच गेलाय. जे पाण्याच्या काठाला आहे ते आधी नोंदवा, कोणाचंही असो. आपल्याकडे गढ्यांची पांढरी माती ट्रॅक्टरने शेतात गेली तेव्हाही कोणी नोंद केली नाही, त्याचा मला अजून राग येतो.

अनघा_जे
काठाचं आधी, मान्य. पण घाम हिडाल्गोंचा म्हणून भिंत सगळ्यांची होत नाही, राहिलं कोण त्यात? मातीच बघायची तर खाडीपलीकडचं लास कोलेस बघा. डीगन आणि क्रुशेंत या पुरातत्त्वज्ञांना तिथे कुंभारभट्टी सापडली, कारागिरांची वस्ती होती ती. तिच्याबद्दल इथे एकानेही अजून एक ओळ लिहिलेली नाही.

गढीवाला
भट्टी महत्त्वाचीच. तरी पैसे एकाच हंगामाचे असतील तर मी विरघळलेली भिंत निवडेन, भाजलेलं खापर पुढच्या पिढीपर्यंत टिकेल, कच्ची माती नाही टिकणार.