श्रेय एकट्या गिटारचं नाही

सांताना बँडचा ‘अब्राक्सस’ हा अल्बम म्हणजे कार्लोस सांतानाची गिटार, असं तुम्ही म्हणालात; ते मला अर्धंच पटलं. त्यातलं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणं मुळात फ्लीटवुड मॅक या बँडच्या पीटर ग्रीनचं, १९६८ सालचं. इथे ते गायलंय सांताना बँडच्या ऑर्गनवादक ग्रेग रोलीने. ‘ओये कोमो वा’ तर लॅटिन संगीतकार टिटो पुएन्तेचं चा-चा-चा, म्हणजे क्युबन नाचाच्या तालावरचं गाणं. मूळ गाण्यातल्या बासरी आणि ब्रासची (पितळी फुंकवाद्यांची) जागा रोलीच्या हॅमंड ऑर्गनने आणि गिटारने घेतली. पण मला आधी ऐकू येतात ते बँडमधल्या कॅराबेलोचे काँगा (हाताने वाजवायचे उंच ढोल) आणि चेपितो आरेआसची टिंबाले (काठ्यांनी वाजवायचे धातूचे ढोल). हेडफोन लावून ऐकाच! एवढी तालवाद्यं एकत्र, तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. १९७० साली हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, त्यात या तालाचा वाटा मोठा. ‘सांबा पा ती’मध्ये मात्र गिटारच गाते, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.