मदत हवी आहे: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मुलांना दाखवावा का?

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, आणि पुढे सिनेमाचा शेवटही येणार आहे. ज्यांना तो पाहायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या आईकडे दादरला भावंडं जमलीत. माझा मुलगा चौदाचा, भावाचा मुलगा सोळाचा, आणि बहिणीच्या लेकीला नुकतंच तेरावं लागलंय. तिघांनी मिळून एकच धोशा लावलाय: जॉर्ज रोमेरोचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' बघायचा. मूळ खूळ माझ्या मुलाचं. त्याला मोबाईलवर छोट्या फिल्म करायचा नाद लागलाय, आणि आजचे सगळे झोंबीपट ज्यावर उभे आहेत तो हा सिनेमा, असं त्याने कुठेतरी वाचलंय. ते खरंही आहे. पाय ओढत चालणारी प्रेतं, त्यांनी माणसाचं मांस खाणं, मेंदूवर घाव घातल्याशिवाय त्यांचं न संपणं, एका घरात कोंडलेली आणि आपसात भांडणारी माणसं, ही सगळी मांडणी इथूनच पुढच्यांनी उचलली. त्यामुळे त्याचा हट्ट मला पोरकट वाटत नाही. उलट त्याने नवं काहीतरी सोडून साठीकडे निघालेला सिनेमा मागितला याचा आनंदच झाला.

मुलांना दाखवायच्या आधी मी तो रात्री एकटीने पाहून घेतला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

रक्ताची मला फारशी काळजी नाही. सिनेमा कृष्णधवल आहे, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय आणि मांस म्हणून भाजलेलं हॅम. ट्रक पेटून त्यात ते तरुण जोडपं जातं, त्यानंतर प्रेतं आतडी ओढत खातात, तेवढा भाग किळसवाणा आहे. पण या पोरांनी वेबसिरीजमध्ये त्याच्या दसपट पाहिलंय. 'झोंबिवली' तर तिघांनी खिदळत पाहिला होता, आणि मग डोंबिवलीच्या काकूला फोन करून "काकू, चावलं नाही ना कुणी?" असं विचारून झालं होतं.

मला अडतंय ते तळघरापाशी. कूपर नावाचं कुटुंब घराच्या तळघरात लपलेलं असतं. नवरा-बायकोचं पटत नाही, आणि चावा बसलेली लहान मुलगी टेबलावर तापाने फणफणून पडलेली. शेवटाकडे आई खाली येते तर मुलगी मेलेल्या बापाचा हात खात असते. आई मागे सरकत नुसती "बाळा, बाळा" करत राहते, आणि मुलगी भिंतीवरची थापी उचलून तिच्यावर वार करत सुटते. घाव लागताना नीट दिसत नाहीत, सावली दिसते आणि भिंतीवर उडालेले शिंतोडे. पण ती किंकाळी थांबतच नाही. मी आवाज कमी केला. आई पळत नाही, प्रतिकार करत नाही, कारण समोर तिची मुलगी आहे. हे सोळा वर्षांच्या मुलाला भीतिदायक वाटेल. माझ्या भाचीला काय वाटेल ते मला सांगता येत नाही. ती अजून आईच्या कुशीत झोपते.

दुसरं म्हणजे शेवट. रात्रभर शहाणपणाने लढणारा बेन हा एकटाच वाचतो. सकाळी बाहेर माणसांचा आवाज येतो, सुटका झाली असं वाटतं, तो खिडकीपाशी येतो, आणि शोधपथकातला एक माणूस त्याला लांबूनच प्रेत समजून गोळी घालतो. पुढे नुसते स्थिर फोटो. आकड्यांनी ओढलेलं त्याचं शरीर, लाकडांचा ढीग, आग. संपलं. बेन कृष्णवर्णीय आहे, ज्यांनी त्याला मारलं ते गोरे आहेत, आणि सिनेमात त्याच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटतं हीच या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद आहे. पण चांगला माणूस शेवटी जगतो हे गृहीत धरणाऱ्या मुलांच्या हातात आपण हे असंच देऊन मोकळं व्हायचं का?

आणि तिसरी गोष्ट घरातली. सिनेमात टीव्हीवर सतत बातम्या चालू असतात. त्यात एक तज्ज्ञ सांगतो की मृतांना ताबडतोब जाळून टाका, अंत्यविधी करत बसायला आता वेळ नाही. आमचे बाबा २०२१च्या एप्रिलमध्ये कोव्हिडने गेले. त्यांना घरी आणता आलं नाही. नातवंडांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते व्हिडिओ कॉलवर, तोंडावर मास्क, आणि बाबा हात हलवायचा प्रयत्न करत होते. दिवस-कार्य झालं तेही घरातल्या चार माणसांत. भाची तेव्हा लहान होती, पण "आजोबांना आंघोळ कुणी घातली?" हे तिने मला कितीतरी दिवसांनी विचारलं होतं. अंत्यविधीचं ते वाक्य टीव्हीवरच्या त्या तज्ज्ञाच्या तोंडून आलं तेव्हा मी पॉज केलं आणि उठून पाणी प्यायले.

अजून एक माहिती, जिच्यामुळे मी जास्त सावध झाले. अमेरिकेत सिनेमांना वयानुसार श्रेणी द्यायची आजची पद्धत नोव्हेंबर १९६८मध्ये सुरू झाली, आणि हा सिनेमा त्याच्या महिनाभर आधी पिट्सबर्गला लागला. त्यामुळे दुपारच्या खेळाला मुलं बिनदिक्कत गेली. समीक्षक रॉजर ईबर्टने १९६९च्या जानेवारीत 'शिकागो सन-टाइम्स'मध्ये अशाच एका खेळाबद्दल लिहिलं होतं. मुलं सुरुवातीला मजेत किंचाळत होती, मग हळूहळू सगळी चिडीचूप झाली, आणि नऊएक वर्षांची एक मुलगी जागच्या जागी बसून नुसती रडत होती.

तर माझं विचारणं असं आहे. तिघांना एकत्र दाखवावा की भाचीला वगळावं? वगळलं तर ती दुखावणार, आणि मोठे दोघं तिला भित्री म्हणून चिडवणार हे ठरलेलं. शेवटाची कल्पना आधी द्यावी का? ज्यांनी आपल्या मुलांबरोबर हा किंवा असा सिनेमा पाहिलाय त्यांनी कृपया लिहा. "आमच्या वेळी आम्ही रामसेंचे सिनेमे बघून मोठे झालो" हे मीही म्हणू शकते, पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

निवांत पारवा:
ताई, मी माझ्या मुलीबरोबर पाहिला तेव्हा ती पंधराची होती. घाबरली नाही, चिडली. शेवट झाल्यावर "असं कसं करू शकतात?" म्हणून तासभर वाद घातला माझ्याशी. तुमच्या मुलाला फिल्म करायच्यात ना, त्याला एक गोष्ट आवर्जून दाखवा. कूपर म्हणत असतो तळघरात चला, बेन म्हणतो वरच राहू, खाली अडकलो तर संपलो. सगळं भांडण त्यावर. आणि शेवटी बेन वाचतो तो त्याच तळघरात जाऊन. म्हणजे कूपरचं बरोबर होतं का? आमच्याकडे यावर अजून एकमत नाही. मुलं असल्या प्रश्नात गुंतली की भीती आपोआप मागे पडते. शेवट आधी सांगू नका, पण "हा सिनेमा आनंदात संपत नाही" एवढं जरूर सांगा. तेवढं पुरतं.

फिल्लमबाज:
प्रिंट जपून निवडा. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, त्यात पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेमा तिथे प्रदर्शित होताक्षणी सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणून त्याच्या वाट्टेल तशा प्रती फिरत असतात. काही नंतर रंगवलेल्या आहेत, त्या अजिबात नकोत. तिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या एका आवृत्तीत तर नव्याने शूट केलेले प्रसंग घुसडलेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि मार्टिन स्कोर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने मिळून मूळ निगेटिव्हवरून केलेली २०१६ची प्रत सगळ्यात स्वच्छ. ९६ मिनिटांचा आहे.

आणि हा संपल्यावर मुलं लगेच १९७८चा पुढचा भाग मागतील. तो रंगीत आहे, कितीतरी जास्त रक्तबंबाळ, आणि अमेरिकेत श्रेणी न घेताच प्रदर्शित झाला होता. तो चौदाच्या मुलाला मी दाखवणार नाही. हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर 'पुढचा व्हिडिओ' म्हणून आपोआप सुरू व्हायचा.

पिंपळपान:
बेनबद्दल थोडं. ड्वेन जोन्सला ही भूमिका मिळाली ती त्याची चाचणी सगळ्यात चांगली झाली म्हणून, असं रोमेरो सांगत असे. पात्र कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेलं नव्हतं. बरेच जण समजतात की शेवट मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येवरून सुचला. तसं नाही, हत्या एप्रिल १९६८ची आणि शूटिंग त्याआधीच झालेलं. ती बातमी त्यांनी गाडीतल्या रेडिओवर ऐकली, तेव्हा तयार प्रिंट घेऊन ते न्यूयॉर्कला निघाले होते. तरीही त्या वर्षीच्या प्रेक्षकाने ते शेवटचे फोटो पाहिले तेव्हा त्याला काय आठवलं असेल याची कल्पना करता येते. मोठ्या दोघांना हे सांगाच, पण सिनेमा झाल्यावर. आधी सांगितलंत तर ते धडा म्हणून बघतील.

एक सावधगिरी. त्या घरात आसऱ्याला आलेली तरुणी, बार्बरा, बराच वेळ सुन्न बसून असते, आणि एका जागी ती बेनला थप्पड मारते तर तो तिला ठोसा मारून गप्प करतो. आमच्या घरी मुलग्यांना ते खटकलंच नाही, हे मला जास्त खटकलं. त्यावर बोला.

दुपारची_शाळा:
मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, म्हणून लिहितेय. आपल्याकडे २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रात ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले. हा सिनेमा मी माझ्यापुरता सोळाच्या पुढच्यांनी एकट्याने आणि चौदा-पंधराच्यांनी मोठ्यांसोबत बघावा, अशात धरीन. पण तुमच्या बाबांचं काय झालं हे कोणत्याच आकड्याला माहीत नसतं.

तेराव्या वर्षातल्या मुलीचा खरा प्रश्न पाहू शकेल की नाही हा नाही. मध्येच उठून जाता येईल का, हा आहे. दोन दादा शेजारी बसलेत म्हटल्यावर ती जीव गेला तरी उठणार नाही. म्हणून तिच्याशी एकटीशी बोला. तळघरात काय होतं ते तिला स्पष्ट शब्दांत सांगा, त्या जाळण्याच्या बातमीबद्दलही सांगा, आणि मग तिलाच ठरवू दे. ऐकूनच नको म्हणाली तर विषय संपला. हवं म्हणाली तर तिला हेही सांगा की तळघरातल्या मुलीचं काम जिने केलं, तिचे खरे वडीलच सिनेमात तिचे वडील झालेत. सेटवर ती आपल्या बाबांबरोबर होती. मुलांना अशा माहितीचा फार आधार वाटतो.

रात्री दाखवू नका. दुपारी दाखवा, पडदे उघडे ठेवून, आणि संपल्यावर त्यांना बाहेर न्या. आणि एक विचारू का? घरात तुमच्या आईही असतील ना? ती टीव्हीवरची वाक्यं हॉलमध्ये त्यांच्याही कानावर पडणार आहेत. त्यांचा विचार केलात का?

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आई हॉलमध्येच असते दिवसभर, पुस्तक घेऊन, आणि मुलं जे लावतील ते अर्ध्या कानाने ऐकत असते. इंग्रजी तिला उत्तम कळतं, पस्तीस वर्षं शिकवलंय तिने. तेव्हा दादरला नाही लावणार. रविवारी दोघा मुलग्यांना मुलुंडला आमच्या घरी नेईन. दुपारी जेवणं झाली की लावू, आणि संध्याकाळी भाऊ येऊन दोघांना फिरायला नेईल. त्यालाही हा सिनेमा माहीत आहे, वाद घालायला तो पुरेसा आहे.

भाचीशी आज गच्चीवर बोलले. तळघराचं सांगितलं, सगळं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "मावशी, ती आई पळाली का नाही?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मीपण नसते पळाले." सिनेमाबद्दल तिने अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही, आणि मी घाई करणार नाही. आजोबांचं तिने स्वतःच काढलं. मग आम्ही दोघी खाली गेलो, आईने कपाटातून बाबांचा जुना अल्बम काढला, आणि ते कसे गेले हे पहिल्यांदा आईनेच तिला नीट सांगितलं. मला ते इतकी वर्षं जमलं नव्हतं.

पिंपळपान, त्या ठोशाचं मीही नोंदवून ठेवलंय. दोघं काय म्हणतात ते इथे लिहीन.

फिल्लमबाज, २०१६ची प्रत इंग्रजी सबटायटल्ससह कुठे मिळेल ते प्लीज सांगाल का? टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज बराच खरखरीत आहे, आणि मुलांना ते शब्द नीट कळायला हवेत असं मला आता वाटतंय.