मळीच्या तलावाखालची माती साध्या पाण्यावर तपासून भागतं का?

चिकोडीची लेक: आमच्या भागात एका डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशच्या, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या मळीच्या पाण्याच्या (आम्ही नुसतं मळी म्हणतो), तलावाला काळ्या मातीचा थर द्यायचं चाललंय. माती पाझराच्या चाचणीत पास झाली, पण साध्या पाण्यावर. साठणार मळी, मग तपासणीही मळीवरच करा.

काळी माती फुगते म्हणून पाणी अडवते. मळीत पोटॅशियम भरपूर. ते मातीच्या पापुद्र्यांत शिरलं की फुगवटा उतरतो आणि बारीक वाटा मोकळ्या होतात. मी करून पाहिलं. १०० मिलिच्या दोन नळ्या, प्रत्येकीत १० ग्रॅम चाळलेली माती, एकीत पाणी, दुसरीत मळी. दुसऱ्या दिवशी मळीतल्या मातीच्या वरच्या पातळीची रेघ टॉर्च लावल्याशिवाय दिसेना. दिसली ती पाण्यातल्यापेक्षा बोटभर खाली.

साइटवरचा: ताई, नळीतली माती सुटी, थरातली रोलरनं दाबलेली. दोन्ही एक धरू नका. मळीवर चाचणी लावली की महिने जातात, गळीत कुणासाठी थांबत नाही. वर प्लास्टिकची शीट असतेच की. कचरा डेपोच्या २०१६ च्या नियमांतही १.५ मिमीची शीट आणि खाली ९० सेंमी माती सांगितली होती. त्या मातीतून सेकंदाला सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त पाणी जाऊ नये, झालं.

चिकोडीची लेक: दादा, सुट्या मातीचं मान्य. म्हणून तर दाबलेल्या नमुन्यावर मागतेय. शीट एका खड्यानं फाटते, मग भिस्त मातीवरच. तुमचाच आकडा घ्या: पाण्याचा ढाळ, म्हणजे मातीच्या जाडीमागे पाण्याच्या उंचीतला फरक, एकास एक धरला तर वर्षाला तीन सेंटीमीटर. मळीनं तो दहापट केला तर फूटभर!

रायबागचा शेतकरी: माझी विहीर तलावापासून दोन रानं पलीकडं. तुम्ही दोघं लॅबचंच बोलताय. आत्ता मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा आहेत. थर घालून असाच उन्हात ठेवला तर? वीतभर नमुन्यात ती भेग येणार कुठनं?

साइटवरचा: काका, हे शंभर टक्के खरं. थर ओलसरच ठेवायला पाहिजे, आणि जागेवर थरात गोल कडं ठोकून त्यात भरलेलं पाणी किती मुरतं तेही बघायला पाहिजे. उघडा पडलेला थर मी स्वतः उखडून परत दाबायला लावलाय. मळीच्या चाचणीबद्दल मात्र माझं मत तेच, वेळ नाही.

चिकोडीची लेक: वेळ आहे, दादा. गळीत दिवाळीच्या आसपास सुरू होतं. नमुना या आठवड्यात लावला तर हातात पाच महिने आहेत.