मँचेस्टरहून लेक डिस्ट्रिक्ट: कुठले रस्ते, कुठले गिअर (सोसायटी सायकल ग्रुप)

सी-२०४: डॉक्टर, मे अखेरीस मुलाकडे मँचेस्टरला येतोय. त्यातले चार दिवस लेक डिस्ट्रिक्टमध्ये (इंग्लंडच्या वायव्येचा डोंगर-तळ्यांचा भाग) सायकल चालवायचा बेत आहे. सायकल इथूनच आणणार. चक्रांचे दात पुढे ५०-३४, मागे ११-२८, ब्रेक रिमचे (चाकाच्या कडेवर दाबणारे). सिंहगड या गिअरवर निघतो. तिथली सगळ्यात उंच खिंड नकाशात ४५४ मीटर दिसते, मग लोक एवढा बाऊ कशाचा करतात?

ए-७०१ (डॉक्टर): काका, उंची सोडा, चढाचे टक्के बघा, म्हणजे १०० मीटरला किती मीटर चढ. किर्कस्टोन ४५४ मीटर, हार्डनॉट ३९३, हॉनिस्टर ३५६, न्यूलँड्स ३३३, व्हिनलॅटर ३१८. पण विंडरमिअर तळंच समुद्रसपाटीपासून जेमतेम ३९ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास सगळी उंची चढावीच लागते आणि तीही दोन-चार किलोमीटरांत. आपले घाट गाड्यांसाठी वळणं देऊन आखलेत, बहुतेक ठिकाणी चढ ५ ते ८ टक्के. इथले खिंडीतले रस्ते म्हणजे ओझ्याच्या तट्टांच्या वाटांवर पुढे डांबर पडलेलं. सीटॉलर गावातून हॉनिस्टर: सव्वादोन किमीत साधारण २४० मीटर. सरासरी ११ टक्के, आणि गाव सुटताच २५ टक्क्यांची पाटी.

डी-३०१: काका, हार्डनॉट सोडायचा नाही हं! ३३ टक्के!

बी-५०२: ३३ टक्के बोलायला सोपे. हिशेब करू या. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, मिनिटाला ५० पेडल. त्याखाली गेलं की गुडघे बोलतात. ३४-२८ ला (पुढे ३४ दात, मागे २८) वेग पडतो ताशी ७.६ किमी, २० टक्के चढावर त्याला साधारण ३५० वॉट लागतात. ३४-३४ ला वेग ६.३ आणि वॉट २९० च्या आसपास. ३३ टक्क्यांवर ३४-३४ लाही साडेचारशेच्या वर. आता ज्याने त्याने आपापला पॉवर मीटर आठवावा.

सी-२०४: ताई, मग ११-३४ टाकतो. दुकानदार म्हणतो डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) आहे तोच चालेल.

बी-५०२: काका, तुमचा शिमानो १०५ आर७००० आहे ना? त्यात दोन प्रकार येतात. आखूड पिंजऱ्याचा एसएस ३० दातांपर्यंत, लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ पर्यंत. ११-२८ सोबत सहसा एसएस येतो. तो ३४ वर रेटला तर त्याचं वरचं छोटं चाक कॅसेटला (मागच्या दातेरी चक्रांचा संच) घासतं. डिरेलर कॅसेटपासून दूर ठेवणारा बी-स्क्रू पिळून कुणी जमवून देतं, मग बाकीचे गिअर आळशी पडतात. सरळ जीएस घ्या.

चेनही नवी लागेल. जुनी २८ च्या मापाने कापलेली असते. चुकून पुढे ५० आणि मागे ३४ असा गिअर पडला तर ती ताणून हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा) मोडते, कधीकधी डिरेलर स्पोकमध्ये जातो. माप असं घ्या: डिरेलरमधून न ओवता चेन मोठ्या-मोठ्यावर गुंडाळायची, टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या.

आणि हे नक्की विसरतात: ११ स्पीडची ही ११-३४ कॅसेट (एचजी७०० किंवा एचजी८००) रोडच्या ११ स्पीड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो नसेल तर कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलते. बसवल्यावर दोन बोटांनी धरून हलवून बघा. खुळखुळली तर दुकानातून हलू नका. त्याच मॉडेलचा एक जादा हँगर बॅगेत टाका, परदेशात तोच मिळायला दिवस जातात.

ए-१०३ (सेक्रेटरी): मध्येच लिहितो, क्षमस्व. उद्या सकाळी १० ते १ टाकीची सफाई आहे, पाणी भरून ठेवावे.

डी-३०१: काका तर तळ्यांच्या गावीच चालले!

ए-७०१: तळ्यांचंही पाणी शहरालाच जातं. थर्लमिअरवर धरण बांधून १८९४ पासून पाणी मँचेस्टरला नेतात. काका, तुमच्या मुलाच्या नळाला कदाचित तेच येत असेल.

आता रस्ते. माझा एकच नियम: तीव्र बाजू चढायची, सौम्य बाजू उतरायची. चढताना दमलात तर उतरून ढकलता येतं. २५ टक्के उतारावर ओल्या रिमने थांबता येईलच असं नाही. लोक उलट करतात. नकाशावर सोपी बाजू बघून चढतात आणि मग पलीकडे कड्यासारखा उतार.

सर्वांत चांगला पल्ला केस्विकहून. बॉरोडेलमधून दक्षिणेला, डर्वेंटवॉटरच्या काठाने सीटॉलर, सुमारे १३ किमी जवळपास सपाट. मग हॉनिस्टर. गाव सुटतानाचा पहिला टप्पा सगळ्यात वाईट, तिथे आधीच लहान गिअरवर या. चढावर जोर देऊन गिअर बदलला की चेन पडते. माथ्यावर पाटीच्या दगडाची खाण आहे, तिथे कॅफे. पलीकडचा उतार सुरुवातीला तीव्र आहे, पण पुढे रस्ता दिसत राहतो आणि सौम्य होत बटरमिअरला पोचतो. तिथून दोन वाटा. पायात दम असेल तर न्यूलँड्स: दोन किमीत सव्वादोनशे मीटर, आणि थेट केस्विक. नाहीतर क्रमक वॉटरच्या काठाने लॉर्टन आणि व्हिनलॅटर. हा चढ जंगलातून, साधारण ५ टक्क्यांचा, आपल्या घाटासारखा एका लयीत जातो. वर वनखात्याचं केंद्र आहे, चहा आणि स्वच्छतागृह. ही फेरी सुमारे ४५ किमी. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून असतो, त्यामुळे शेवटचा टप्पा पाठीवर मिळतो. पहिल्यांदा व्हिनलॅटरच घ्या.

सी-२०४: राहायचं कुठे? आणि विंडरमिअरहून केस्विक लांब आहे का?

ए-७०१: दोन रात्री अँबलसाइड, दोन रात्री केस्विक. मधला ए५९१ रस्ता २७-२८ किमीचा, पण पर्यटकांच्या गाड्या आणि बस. सकाळी लवकर निघा किंवा बसने या. मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो आणि त्या आठवड्यात शाळांना सुट्टी. शक्य असेल तर तो आठवडा टाळा.

मँचेस्टरहून ऑक्सनहोमला येऊन विंडरमिअरची छोटी लाइन पकडायची. नॉर्दर्न या रेल्वे कंपनीच्या गाडीत सायकल फुकट, आरक्षण नाही, पण एका गाडीत दोनच. तिसऱ्याला पुढची गाडी. अवांती या दुसऱ्या कंपनीच्या गाडीने आलात तर सायकलचं आरक्षण आधी करावंच लागतं.

बी-५०२: डॉक्टर, रायनोज आणि हार्डनॉटचं काय? हा डी विंगचा मुलगा काकांना चढवून ठेवतोय.

ए-७०१: सांगतो. अँबलसाइडहून लिटल लँगडेल, तिथून रायनोज. पूर्वेकडची बाजू तीव्र, २५ टक्क्यांचे तुकडे. माथ्यापलीकडे रायनोज बॉटमची दरी, उतार बराच शांत. कॉक्ली बेकच्या पुलाशी उजवीकडे हार्डनॉट आणि डावीकडे डडनची दरी. माझं मत: डावीकडे वळा. अल्फा, ब्रॉटन, टॉर्व्हर, कॉनिस्टन करून अँबलसाइड. साधारण ६० किमी, गाड्या कमी आणि दरी अप्रतिम. हार्डनॉट बघायचाच असेल तर पुलाजवळ सायकल कुलपात ठेवून चालत वर जा. रोमन किल्ल्याचे अवशेष माथ्यापलीकडे एस्कडेलच्या उतारावर आहेत.

डी-३०१: चालत?? हे काय डॉक्टर!

ए-७०१: अरे, हार्डनॉट उतरून एस्कडेलला गेलं की परत यायला एक तर तोच डोंगर पश्चिमेकडून चढायचा किंवा प्रचंड वळसा. मे महिन्यात ग्रासमिअरहून फ्रेड व्हिटन चॅलेंज ही सायकल फेरी निघते, सुमारे १८० किमीची. त्यात हार्डनॉट येतो सगळे पाय संपल्यावर, आणि तिथे सराईत लोकही सायकल ढकलताना दिसतात. ढकलण्यात लाज नाही. फक्त रोडच्या क्लीटवर (बुटाखालचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) २५ टक्के ओला डांबरी रस्ता चालणं म्हणजे घसरगुंडी. काका, तळव्यात क्लीट बुडालेले माउंटन बाइकचे बूट आणि तसेच पेडल आणा.

जीपीएसमध्ये नुसतं सीथवेट टाकू नका. डडनच्या दरीत एक आहे आणि बॉरोडेलमध्ये दुसरं. मधे डोंगर आहे, रस्ता नाही. बॉरोडेलचं सीथवेट वर्षाला ३,००० मिमीहून जास्त पावसासाठी प्रसिद्ध, त्यामुळे पाऊस नसेल असं धरून निघू नका. खिंडींत मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा.

सी-२०४: सून म्हणते, गाडी घेऊन मागे येते.

ए-७०१: रायनोजवर नको. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून आलेल्याला जागा द्यायला मधूनमधून फुगवटे. तुम्ही ताशी ६ ने चढणार, मागे सूनबाई पहिल्या गिअरमध्ये, तिच्यामागे अजून चार गाड्या. तुम्ही थांबलात की तिला चढावर थांबून पुन्हा निघावं लागतं आणि क्लचचा वास सगळ्या दरीला. तिला कॉनिस्टनला भेटायला सांगा. आणि फुगवटा दिसला की तुम्हीच आत जाऊन मागच्यांना सोडा, त्यांचा ताप कमी, तुमचाही.

बी-५०२: ब्रेकचं मी सांगते. रिम ब्रेक सतत दाबून उतरलं की रिम तापते, ट्यूबमधली हवा फुगते, आणि भर उतारावर ट्यूब फुटते. म्हणून वळणाआधी जोरात दाबून वेग मोडायचा, मग पूर्ण सोडायचा. पुढचा-मागचा आलटूनपालटून. ओल्यात चाकाचं पहिलं अर्धं फिरणं नुसतं पाणी पुसण्यात जातं, तेवढं अंतर धरूनच ब्रेक लावा. कार्बनची रिम असेल तर ते चाक घरी ठेवा.

रोज संध्याकाळी पॅड काढून उजेडात बघा. रबरात चमचमणारे ॲल्युमिनियमचे कण आणि दगडाची कच रुतलेली दिसेल. सुईने उकरून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी रिमवर गोल चरे पडतात. पॅडचा एक जादा जोड न्या. टायर फ्रेममध्ये मावत असेल तर २८ मिमी.

ए-७०१: बाकी फुटकळ. रस्त्यात लोखंडी नळ्यांच्या जाळ्या येतात, गुरं ओलांडू नयेत म्हणून. काटकोनात जा, पेडल आडवे, ब्रेक नाही, हँडल वळवू नका. ओली असेल तर हमखास घसरते. मेमध्ये कोकरं असतात: कोकरू रस्त्याच्या एका बाजूला आणि मेंढी दुसऱ्या बाजूला दिसली तर वेग कमी करा, ते आईकडे धावणारच. वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच. मे अखेरीस सूर्य पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो, त्यामुळे पहाटेची घाई नको. कॅफे नऊ-दहाशिवाय उघडत नाहीत.

सी-२०४: खायला इथून चिक्की आणतो. पेढेही आणू का?

ए-७०१: दुधाचं काही आणू देत नाहीत काका. शेंगदाण्याची चिक्की चालेल. आणि वारा भरायला हातपंप आणा, गॅसची नळकांडी विमान कंपनीला विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका. माथ्यावर घाम सुकून उतारावर बोटं गारठतात, ब्रेक दाबवत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि पातळ विंडचीटर मागच्या खिशात हवेतच.

डी-३०१: आणि किर्कस्टोन?

ए-७०१: अँबलसाइडहून 'द स्ट्रगल' नावाच्या रस्त्याने चढायचा. पाच किमीला थोडा कमी, सुमारे ३९० मीटर, मध्ये २० टक्क्यांच्या वरचे तुकडे. उतरताना तो रस्ता नाही, ए५९२ ने ट्राउटबेककडे. माथ्यावर खायला मिळेलच असं धरू नका.

सी-२०४: ताई, शनिवारी दुकानात जीएस डिरेलर आणि स्पेसर मागवून ठेवतो. कॅसेट बसवताना तुम्ही येता का?

बी-५०२: येते. साडेदहानंतर. चेन कापण्याआधी मला दाखवा, मापाशिवाय त्यांना हात लावू देऊ नका.